संदेशवहन दोषनिदान, मोटारगाडीतील

मोटारगाडीतील एंजिन, गिअरपेटी, एबीएस, एअरबॅग, दर्शक फलक इत्यादींची इलेक्ट्रॉनिक नियंत्रण एकके (ईसीयू) सामाईक तारांवरून एकमेकांना माहिती पाठवितात. ही देवाणघेवाण बंद पडली वा अडखळू लागली, तर दोष तारेत आहे, एककात आहे की एककाच्या वीजपुरवठ्यात आहे, हे ठरविण्याची पद्धत. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे ‘हाय’ व ‘लो’ या दोन तारांवर चालणाऱ्या द्रुतगती ‘कॅन’ (कंट्रोलर एरिया नेटवर्क) जालाचा विचार केला आहे.

कॅनचा विकास बॉश कंपनीत १९८३च्या सुमारास सुरू झाला व फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉइट येथील अभियंत्यांच्या अधिवेशनात तो मांडला गेला. पुढील वर्षी इंटेलची व पाठोपाठ फिलिप्सची नियंत्रक चिप आली. कॅन प्रथम कोणत्या गाडीत बसविले गेले याविषयी मतभेद आहेत. काही संदर्भ बीएमडब्ल्यूच्या ८ मालिकेचे नाव घेतात व काळ १९८०च्या दशकाची अखेर धरतात. इतर अनेक संदर्भ १९९१-९२च्या सुमाराच्या मर्सिडीझ-बेंझ एस-क्लासला (डब्ल्यू १४०) हा मान देतात. एकाच जालावर अनेक एकके नेमाने चालणे ही कसोटी मानल्यास दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. आयएसओ ११८९८ हे मानक १९९३चे. अमेरिकेत २००८च्या मॉडेलांपासून निदानासाठी कॅन सक्तीचे झाले. त्यामुळे १६ पिनांच्या ओबीडी (गाडीतील निदानाच्या) सॉकेटातील ६ (कॅन हाय) व १४ (कॅन लो) या पिना तपासणीचे नेहमीचे ठिकाण ठरल्या.

एकक गप्प झाले की त्याची तक्रार इतर एकके नोंदवितात. एबीएस व दर्शक फलक या दोघांतही यू०१०० हा दोषदर्शक कोड असेल, तर एंजिनाचे एकक त्यांना ऐकू येत नाही एवढेच सिद्ध होते. ते बिघडले असे नव्हे. म्हणून स्कॅनरने (सॉकेटाला जोडून कोड वाचणाऱ्या उपकरणाने) सर्व एकके तपासून कोण उत्तर देते व कोण देत नाही याची यादी आधी करावी. बॅटरी उतरलेली असताना स्टार्टर फिरविला तरी असे कोड साठतात. ते पुसून पुन्हा येतात का हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. एकच एकक गप्प असेल, तर प्रथम त्याचा फ्यूज, पुरवठा व अर्थ (भूजोडणी) तपासावा. ही तपासणी भार देऊन करावी, कारण गंजलेली तार मल्टिमीटरवर पूर्ण १२ व्होल्ट दाखविते आणि बल्ब जोडताच विद्युत् दाब कोसळतो.

सर्वच एकके गप्प असल्यास बॅटरी सोडून ६ व १४ या पिनांमधील रोध मोजावा; पुरवठा चालू असताना हे मापन फसवे ठरते. जालाच्या दोन टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रोधक समांतर असल्याने सुमारे ६० ओहम मिळाले पाहिजेत. १२० मिळाले तर एक टोक तुटले आहे. सुमारे ४० मिळाले तर तिसरा रोधक जालावर आला आहे. शून्याजवळ मिळाले तर दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. मात्र गेटवे (निदान-शाखा व आतली जाले यांना जोडणारे मधले एकक) असलेल्या गाडीत सॉकेटवरचे ६० ओहम केवळ निदान-शाखेविषयी सांगतात, आतल्या जालांविषयी काहीच नाही. ही चूक वारंवार होते.

जाल चालू असताना स्वस्थ (संदेश नसलेल्या) स्थितीत दोन्ही तारांवर सुमारे २.५ व्होल्ट असतात. संदेशाच्या प्रबल बिटाला (दोन तारांच्या दाबांत फरक पाडणाऱ्या बिटाला) हाय ३.५ पर्यंत चढते, लो १.५ पर्यंत उतरते. मल्टिमीटर सरासरी दाखवीत असल्याने हाय अडीचच्या किंचित वर, लो किंचित खाली दिसते. हाय तार अर्थला लागली तर जाल ठप्प होते. लो तार लागली तर ते बहुधा रखडत चालू राहते, कारण हाय वर चढून आवश्यक फरक निर्माण करू शकते. ५०० किलोबिट वेगाला एक बिट २ मायक्रोसेकंदांचा असतो. तेव्हा अधूनमधून येणाऱ्या दोषाला दाबाचा क्षणोक्षणीचा आलेख दाखविणारा ऑसिलोस्कोपच (स्कोप) हवा.

प्रत्येक एकक स्वतःच्या चुका मोजते. पाठविताना झालेल्या चुकीला सहसा ८ गुण वाढतात, यशस्वी संदेशाला १ घटतो. २५५ ओलांडले की एकक जालावरून बाजूला होते. परंतु तार तुटून एकटे पडलेले एकक केवळ इतर एककांकडून संदेशाची पोच न मिळाल्यामुळे बाजूला होत नाही. स्कोपवर तोच संदेश पुन्हा पुन्हा दिसत राहतो. हे चित्र पाहताच तुटलेली तार शोधावी.

दोषी शाखा शोधण्यासाठी एकके एकेक करून सोडवावीत व प्रत्येक वेळी स्कोप पाहावा. टोकाचे एकक सोडवले की रोध १२० होणारच, तो नवा दोष समजू नये. तारा एककातून पुढे जात असल्यास ते काढताच पुढचा भाग तुटतो. एअरबॅगच्या एककाला हात लावण्यापूर्वी बॅटरी सोडून उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबणे अनिवार्य आहे. गालिच्याखालचे ओले कनेक्टर, दाराच्या बिजागरीत वाकणारी वायरिंग आणि नंतर जोडलेले अलार्म वा ट्रॅकर येथे दोष विशेष आढळतात. तार जोडताना हाय व लो या तारांचा एकमेकींभोवतीचा पिळा शक्य तितका जपावा व तपासणीसाठी आवरणाला टोचू नये, कारण छिद्रातून ओल शिरते.

मंदगती कॅनला (आयएसओ ११८९८-३) ६० ओहमचा नियम लागू नाही. तेथे स्वस्थ स्थितीत लो सुमारे ५ व हाय शून्य व्होल्टवर असते. ‘लिन’ ही एकतारी शाखा बॅटरीच्या दाबावर, २० किलोबिटपर्यंत चालते आणि तिचे दोष बहुधा मुख्य एककातच नोंदले जातात.