किंग्ज माउंटन, १७८०: डोंगरापलीकडची शिबंदी

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात मे १७८० मध्ये दक्षिण कॅरोलायनातलं चार्ल्सटन शहर इंग्रजांच्या हाती पडलं. ऑगस्टमध्ये कॅम्डेनला तर क्रांतिकारकांची मिलिशिया, म्हणजे शेतकऱ्यांची हंगामी शिबंदी, संगिनी दिसताच पळत सुटली. दक्षिणेत इंग्रजांचा बेत सरळ होता: राजनिष्ठ अमेरिकनांना हत्यारं देऊन त्यांना शेजाऱ्यांशीच लढवायचं. हे काम मेजर पॅट्रिक फर्ग्युसनकडे होतं.

त्याने अपालेशियन डोंगरापलीकडच्या वस्त्यांना निरोप धाडला: विरोध थांबवा, नाहीतर डोंगर ओलांडून येईन, पुढाऱ्यांना फाशी देईन, मुलूख जाळीन. माझ्या मते किंग्ज माउंटनच्या लढाईचा निकाल इथेच फिरला. राजाने १७६३ च्या फर्मानाने त्या बाजूला वस्ती करायला मनाई केलेली. या लोकांनी चेरोकींकडून जमिनी घेऊन घरं उभारलेली. धमकी नसती, तर यातले बरेच जण आपापल्या शेतावरच राहिले असते.

२५ सप्टेंबरला ते वटॉगा नदीकाठी सिकमोर शोल्सला जमले. आयझॅक शेल्बी, जॉन सेव्हियर, विल्यम कॅम्पबेल हे म्होरके. बर्फातून डोंगर ओलांडला. काउपेन्सला चांगल्या घोड्यांवरचे सुमारे ९०० जण निवडले आणि रात्रभर पावसातून, रायफली कापडात गुंडाळून, दौड मारली.

७ ऑक्टोबरच्या दुपारी त्यांनी किंग्ज माउंटन या टेकडीला वेढा घातला; माथ्यावर फर्ग्युसनची राजनिष्ठ फौज होती. माथा उघडा, उतारावर दाट झाडी. त्यांच्या लांब नळीच्या रायफलीचा नेम अचूक, पण ती भरायला वेळ लागे आणि तिला संगीन नसे. मोकळ्या मैदानात हा दोष जिवावर बेतला असता. इथे मात्र वरून संगिनींचा हल्ला आला की उतरायचं, झाडाआड रायफल भरायची, पुन्हा चढायचं. वरच्यांच्या गोळ्या बहुतेक डोक्यांवरून जात होत्या. तासाभरात फर्ग्युसन घोड्यावरच गोळ्या लागून पडला आणि त्याची सुमारे ११०० जणांची फौज संपली. हल्लेखोरांचे मेले २८.

त्या रणात ब्रिटनचा असा एकटा फर्ग्युसनच. बाकी दोन्हीकडे अमेरिकन. पांढरं निशाण दिसल्यावरही गोळीबार लगेच थांबला नाही, आणि आठवड्याने नऊ कैद्यांना फाशी दिलं. हे झाकून या विजयाचा इतिहास सांगू नये.

दक्षिणेतला इंग्रज सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिस (हाच पुढे १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला टिपूविरुद्ध मराठी फौजांच्या जोडीने उभा होता) शार्लट सोडून विन्सबरोला मागे हटला. राजनिष्ठांची भरती आटली, आणि ज्यांच्या भरवशावर दक्षिणेची मोहीम आखली होती ते घराबाहेर पडेनासे झाले.