वरण तोडल्यानं जखम भरते?

शुगरच्या पेशंटच्या पायाला जखम झाली की आमच्याकडं खेड्यात पहिली गदा येते ती वरणावर. “वरन देऊ नोका, जखम पिकते.” मग आंबट बंद, अंडं बंद. भात-केळी तर शुगर निघाली तेव्हाच बंद झालेली. ताटात उरते ज्वारीची भाकर, चटणी आणि बिनसाखरेचा चहा.

पू होतो तो जंतूंमुळे. रक्तातली साखर चढलेली असली की जंतूंना मारणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात आणि जखम चिघळते. डाळीचा त्यात काही हात नाही. उलट जखमेतून पाझरणाऱ्या पाण्यातून प्रथिनं जातच असतात. नवं मांस धरायला लागणारं कोलॅजन हेही प्रथिनच. त्याचे धागे पक्के व्हायला क जीवनसत्त्व लागतं, नव्या पेशी तयार व्हायला जस्त. म्हणजे आंबट म्हणून आवळा, पेरू, लिंबू तोडणं हे पथ्य उफराटंच.

खरी गोम हिशेबात आहे. जखम असलेल्या माणसाला दिवसाला वजनाच्या किलोमागे साधारण सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात, असं आहारतज्ज्ञ धरतात. ६० किलोच्या माणसाला ७५ ते ९० ग्रॅम. आता चौघांच्या घरात शंभर ग्रॅम तुरीची डाळ शिजली, तर तिच्यात प्रथिनं बावीसेक ग्रॅम, माणशी साडेपाच. एका अंड्यात सहा. दोन भाकरींतून बारा-तेरा. पातळ वरणाच्या दोन वाट्या पिऊन ही बेरीज पंच्याहत्तरला पोचत नाही, आणि आपण तेवढ्याही काढून घेतो!

माळकरी घरात अंडं चालत नाही, पण किराणा दुकानात सोयाबीनच्या वड्या मिळतात. पन्नास ग्रॅम कोरड्या वड्यांत पंचवीसेक ग्रॅम प्रथिनं असतात. वाशीम-यवतमाळकडं वावरंच्या वावरं सोयाबीनची, पण पीक सगळं बाजार समितीत जातं आणि तेल काढून उरलेली पेंड कोंबड्या खातात. पिकवणाऱ्याच्या ताटात त्यातलं क्वचितच काही येतं.

तरी नुसत्या खाण्यानं पाय वाचत नाही. मधुमेही पायासाठीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाच्या २०२३ च्या शिफारशींत, केवळ जखम भरावी म्हणून प्रथिनांच्या वा जीवनसत्त्वांच्या पुरवण्या देऊ नयेत, असंच सुचवलं आहे. तेव्हा महागड्या पावडरच्या डब्यावर पैसे घालण्याआधी तळपाय बघा. अंगठ्याच्या बुडाशी जाड घट्टा, मधोमध काळसर डाग, दाबला तरी दुखत नाही. नसा बधिर झाल्यात, म्हणून दुखत नाही. आत रक्त साकळून जखम तयार होत असते. तशाच पायानं माणूस निंदणाला जातो, पऱ्हाटीचं खुंट टोचतं आणि संध्याकाळी चपलेला रक्त दिसतं तेव्हा कळतं. जखमेवरचा भार काढणं, मेलेली कातडी डॉक्टरांकडून काढून घेणं, पायाचा रक्तपुरवठा तपासणं, साखर आटोक्यात ठेवणं, ही कामं आधी.

शुगरची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. ते कमी पडलं तरी पाय बधिर होतात, आणि शाकाहारी माणसात ते आधीच कमी असतं. डाळ-वड्या वाढवण्याआधी क्रिएटिनिन (किडनीचं काम कळण्यासाठीची रक्ततपासणी) आणि लघवीतली प्रथिनंही बघा. जुन्या मधुमेहात किडनी अधू झालेली असू शकते, आणि मग किती प्रथिनं झेपतील ते डॉक्टरांनाच विचारावं लागतं.