गादी सरकत नाही, फाटते

शेवटचा सेट. बारच्या दोन्ही टोकांना रोजच्यापेक्षा एकेक प्लेट जास्त. पोरगा एकोणीस-वीसचा. वजन जमिनीवरून सुटतं, गुडघ्यापर्यंत येतं, आणि नेमकी तेव्हाच पाठ गोल होते. कमरेत काहीतरी ‘कट्’कन होतं. दुसऱ्या दिवशी मोजे घालायला वाकता येत नाही. घरचे म्हणतात, उसण भरली. दीड महिन्यात तो पुन्हा जिममध्ये असतो आणि सगळे ते विसरून जातात. मग तिशी ओलांडल्यावर एखादी हलकीशी पिशवी उचलताना तीच कळ, त्याच जागी.

मधल्या काळात काय झालं, हे कळायला मणक्यांमधली गादी नीट पाहावी लागते. आपल्या कण्यात अशा २३ गाद्या असतात. मध्ये पाणीदार, जेलीसारखा गर आणि त्याभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखी एकावर एक चिवट तंतूंची वलयं. ‘गादी सरकली’ असं आपण सर्रास म्हणतो, पण ती वरच्या-खालच्या मणक्यांना घट्ट चिकटलेली असते, सरकणार कुठे? वलयांना चीर जाते आणि त्या फटीतून गर बाहेर येतो. हे बहुतेक वेळा कण्याच्या तळाशी, शेवटच्या दोन गाद्यांत घडतं. तिथून पायाकडे जाणारी नस चेपली किंवा सुजली की कळ मांडीमागून पोटरीपर्यंत उतरते. तीच सायटिका.

बाहेर आलेला गर शरीराला परका वाटतो. पांढऱ्या पेशी त्याच्यावर तुटून पडतात आणि पुष्कळदा काही महिन्यांत तो आक्रसतो. मोठा तुकडा तर अनेकदा लहान फुगवट्यापेक्षा जास्त विरघळतो. म्हणूनच बहुतेकांना शस्त्रक्रियेशिवाय आराम पडतो. (लघवी अडली किंवा जांघेत बधिरपणा आला तर मात्र तासाभराचाही उशीर करू नये.)

वलयाची चीर मात्र सहजी सांधत नाही. प्रौढ माणसाच्या गादीच्या आत रक्तवाहिन्या जवळपास नसतातच. अन्न-पाणी मणक्यांकडून झिरपत येईल तेवढंच. निरोगी गादीतलं निम्मं कोलॅजन (वलयांचे धागे ज्याचे बनतात ते प्रथिन) बदलायला सुमारे ९५ वर्षं लागतात, असा अंदाज आहे. म्हणजे विसाव्या वर्षी तुटलेला धागा जवळजवळ जन्मभर तुटकाच राहतो.

तरीही एमआरआयचा कागद पाहून हातपाय गाळू नयेत, असं मला मनापासून वाटतं. पाठदुखीची तक्रार नसलेल्या माणसांच्या स्कॅनचा २०१५ साली एकत्रित आढावा घेतला गेला. गादीची झीज विशीतल्या ३७ टक्के आणि पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांत दिसली. नुसती झीज म्हणजे दुखणं नव्हे.

मग कळ परत का येते? एक कारण मला फार महत्त्वाचं वाटतं आणि ते स्नायूत आहे. मणक्यांना अगदी चिकटून मल्टिफिडस नावाचे आखूड स्नायू असतात. प्रत्येक मणका जागच्या जागी धरून ठेवणं हे त्यांचं काम. दुखापत झाली की त्याच पातळीवरचा, त्याच बाजूचा मल्टिफिडस बारीक होतो. फिजिओथेरपिस्ट ज्युली हाइड्स यांनी ऑस्ट्रेलियात आयुष्यात पहिल्यांदाच पाठ धरलेले ३९ रुग्ण तपासले; तो अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. दुखणं गेलं तरी हा स्नायू आपोआप भरून आला नाही. त्यासाठी खास व्यायाम केलेल्यांपैकी ३० टक्क्यांना वर्षभरात पुन्हा त्रास झाला, न केलेल्यांपैकी ८४ टक्क्यांना. गट लहान होता, पण फरक डोळ्यात भरण्याजोगा आहे.

दुखणं थांबलं म्हणून जिममध्ये परतलेला आपला पोरगा एक राखणदार झोपलेला असतानाच वजन उचलू लागला होता. मांड्या आणि पाठीचे मोठे स्नायू जोरकस असल्याने ती उणीव वर्षानुवर्षं झाकली गेली.

या स्नायूला जागं करण्याचा व्यायाम पाहायला अगदी साधा आहे. रुग्ण पालथा झोपतो. फिजिओथेरपिस्ट कण्याच्या कडेला अंगठा रुतवून सांगतो, ‘कंबर न हलवता इथला स्नायू फुगवा.’ एका बाजूला अंगठा हळूच वर उचलला जातो. जुन्या दुखापतीच्या बाजूला, पहिल्या दिवशी, तो पुष्कळदा तसाच रुतलेला राहतो.