ससाणा घारीच्या घरचा नाही

बाकदार चोच, अणकुचीदार नख्या, मांसाहार. एवढं जुळलं की सगळे एका घरचे, हा हिशोब फार जुना. सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये गरुड, घार, बाज, ससाणा या सगळ्यांना ‘फाल्को’ या एकाच प्रजातीत बसवलं. पुढे ससाण्यांचं कुळ वेगळं मानलं जाऊ लागलं, तरी नातं चुलत-मावसच धरलेलं.

खरं तर फरक डोळ्यांसमोर होते. घारी-गरुडांच्या कुळातला शिक्रा भक्ष्य पायांच्या पकडीत आवळून मारतो. ससाणा पकडतो पायांनी, पण मारतो चोचीने. वरच्या चोचीच्या कडेला त्याला दातासारखा एक उंचवटा असतो. त्याने तो भक्ष्याची मान तोडतो. शिक्रा काटक्यांचं घरटं बांधतो. शाहीन ससाणा सह्याद्रीच्या कड्यावरच्या कपारीत, काडीही न रचता अंडी घालतो. हे सगळं पक्षीनिरीक्षकांना माहीत होतं, पण चोच आणि नख्यांचं साम्यच भारी ठरत राहिलं.

डीएनएनेही लगेच निकाल दिला नाही. सिब्ली आणि आल्क्विस्ट या शास्त्रज्ञांनी १९९० मध्ये डीएनएच्या आधारे पक्ष्यांची अख्खी मांडणी उलटीपालटी केली, पण ससाणे घारी-गरुडांच्या शेजारीच ठेवले. नातं बदललं ते पुढे प्रत्यक्ष जनुकांची अक्षरं वाचता येऊ लागल्यावर. हॅकेट आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये १६९ जातींची तुलना केली, तेव्हा ससाणे निघाले पोपटांचे आणि चिमणी-बुलबुलांसारख्या पक्ष्यांचे भाऊबंद. २०१४ मध्ये ४८ जातींचे संपूर्ण जनुकसंच तपासले गेले, त्यातही हेच दिसलं.

पोपटाची चोच बघून ‘दिसतंच की!’ म्हणणारे आता भेटतात. मग चिमणीचं काय? ज्या चिमणीवर ससाणा झडप घालतो, ती त्याला घारीपेक्षा जवळची आहे. सारखं काम करता करता दोन निराळ्या घराण्यांत सारखी हत्यारं घडली, इतकंच.

जुन्या पक्षीपुस्तकांत ससाणे अजून घारी-गरुडांच्या पाठोपाठ सापडतात. नव्या याद्यांत ते सुतारपक्ष्यांनंतर, पोपटांच्या अगदी आधी येतात. ‘फाल्को’ हे लिनियसचं नाव मात्र ससाण्यांकडेच राहिलं. घारी, गरुड आणि बाज यांनाच नवी नावं घ्यावी लागली.