स्पिटफायर किंवा हेरल्ड खाली बसवण्यापूर्वी: मागच्या चाकांविषयी थोडे

ट्रायम्फची जुनी स्पोर्ट्स गाडी स्पिटफायर इंचभर खाली बसली की किती देखणी दिसते, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी आमच्या गॅरेजला काम द्यायच्या आधी हे पत्रक वाचा. या गाडीत मागची उंची आणि मागच्या चाकाचा कल एकमेकांना बांधलेले आहेत, एक हलवले की दुसरे हलतेच. म्हणून किती खाली बसवायची हे आम्ही मडगार्डच्या फटीवरून ठरवत नाही, कॅम्बर, म्हणजे चाकाचा हा आत-बाहेर कल, मोजून ठरवतो.

ट्रायम्फने १९६२ मध्ये स्पिटफायर आणली ती हेरल्डची चॅसी आखूड करून. त्यामुळे मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेरल्ड ज्यांच्याकडे आहे, त्यांनाही यातले बहुतेक लागू पडते. स्टँडर्ड गॅझेल ही हेरल्डवरूनच काढलेली नंतरची गाडी ज्यांच्याकडे आहे, त्यांना मात्र नाही. तिला मागे अखंड एक्सल आहे.

हेरल्ड आणि स्पिटफायरचा डिफरन्शियल (मागच्या चाकांना जोर वाटून देणारा गिअरचा डबा) चॅसीला पक्का असतो. त्याच्या दोन्ही अंगांना एकेक शाफ्ट, प्रत्येक शाफ्टला आतल्या टोकाशी एकच युजे क्रॉस (शाफ्टला फिरता फिरता वाकू देणारा सांधा), आणि बाहेरच्या टोकाला काटकोनात चाक. वर आडवा पाटा, म्हणजे पोलादी पात्यांची स्प्रिंग. शाफ्ट जितका तिरपा, तितके चाक तिरपे. मागून जॅक लावून पाहा: चाके लोंबतात आणि त्यांचे तळ गाडीच्या पोटाखाली ओढले जातात. गाडी खाली बसवली की उलटे होते, चाकांचे माथे आत कलतात. यालाच उणा कॅम्बर म्हणतात.

आता हिशेब. क्रॉसपासून चाकापर्यंत ढोबळ अर्धा मीटर धरा. २५ मिलिमीटर खाली बसवली की कॅम्बर जवळजवळ ३ अंशांनी बदलतो, ५० मिलिमीटरला ६ अंशांच्या आसपास. दुसऱ्या आकड्याला टायर आतल्या कडेवर चालतो. तो आतून खातो, ब्रेक लावताना रस्त्यावर पुरता टेकत नाही, आणि क्रॉस सतत तिरपा फिरून लवकर वाजू लागतो.

पण थोडा उणा कॅम्बर या गाडीला हवाच असतो. वळणात वेग जास्त झाला म्हणून चालकाने घाबरून ॲक्सिलरेटर सोडला, की मागची बाजू उचलते, बाहेरचे चाक पोटाखाली दुमडते आणि शेपूट एकदम निसटते. कारखान्यालाही हा दोष माहीत होता. १९७० च्या स्पिटफायर मार्क फोर मॉडेलला बहुतेक पाती मध्यभागी झुलायला मोकळी असलेला पाटा दिला गेला, १९७३ पासून शाफ्टही लांब झाले. तुमच्या गाडीत कुठला पाटा आहे हे आम्ही आधी पाहतो. जुन्या पद्धतीचा घट्ट पाटा असेल तर गाडी माफक खाली बसवल्याने वळणातली भीती खरोखर कमी होते.

आमची शिफारस: दोन माणसांचे वजन आणि अर्धी टाकी पेट्रोल धरून दीड ते दोन अंश उणा कॅम्बर. त्यापुढे जायचा आग्रह असेल तर रस्त्यावरच्या गाडीसाठी आम्ही ते काम घेत नाही. आपले गतिरोधक पाहता सायलेन्सरसाठीही हे बरे.

त्यासाठी डिफरन्शियल आणि पाटा यांच्यामध्ये ॲल्युमिनियमचा ठोकळा बसतो. तो आम्ही मोजमाप घेऊन उद्यमनगरात मिलिंग करून घेतो, सोबत लांब स्टडही (पाटा आवळून धरणारे आटेदार खिळे). ठोकळ्याच्या जाडीपेक्षा गाडी किंचित जास्तच खाली येते, कारण पाट्याचे टोक चाकाच्या थोडे आत असते. पाती कापणे किंवा तापवून वाकवणे आम्ही करत नाही. तापवलेल्या पोलादाचे पाणी उतरते. ठोकळा बसवायचे काम घरीही करू नका. पाटा ताणाखाली असतो आणि सुटला तर हात मोडतो.

उंची बदलली की टो सुद्धा बदलतो, म्हणजे वरून पाहताना चाकांची पुढची टोके आत वळतात (टो-इन) किंवा बाहेर (टो-आउट), आणि नेमकी हीच गोष्ट बहुतेक ठिकाणी राहून जाते. चाकाला पुढून धरणारी दांडी कंसात फिरते. ती आधी आडवी असेल तर चाक वर जाताना पुढे ओढले जाते आणि टो-इन होतो. उताराने खाली झुकलेली असेल तर सुरुवातीला चाक मागे सरून टो-आउट होऊ शकतो. म्हणून अंदाज न करता मोजतो. स्पिटफायरमध्ये दांडीच्या पुढच्या ब्रॅकेटमागच्या शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) काढून किंवा घालून दोन्ही चाके सारखी आणतो आणि एक-दोन मिलिमीटर टो-इन ठेवतो. मागे टो-आउट असलेली गाडी पावसात हाताबाहेर जाते.

शॉक ॲब्सॉर्बर आखूड घ्यावे लागतात. ते चाकाला जास्त लोंबू देत नाहीत, म्हणजे चाक पोटाखाली दुमडण्यालाही आळा बसतो. बुशचे (सांध्यातल्या रबरी नळ्यांचे) बोल्ट मात्र गाडी स्वतःच्या वजनावर जमिनीवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. लोंबत्या चाकांवर आवळले तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकते, उंची चुकते आणि बुश काही महिन्यांत फाटते.

काम झाल्यावर ५०० किलोमीटर चालवून गाडी परत आणा. पाटा बसतो, मापे सरकतात. तेव्हाची अलाइनमेंट मूळ खर्चातच धरलेली आहे. येताना टाकी अर्धी ठेवा आणि डिकी रिकामी करून या.