प्रदर्शनाला निघताय? आधी मुक्कामाचं बघू

(आमच्याकडून स्टॉल उभारून घेणाऱ्या आणि माल पाठवणाऱ्या ग्राहकांसाठी)

सप्रेम नमस्कार.

कुपवाड आणि मिरज एमआयडीसीतल्या कारखान्यांचा, तासगाव-कवठेमहांकाळच्या बेदाणा व्यापाऱ्यांचा, सांगलीच्या हळद पेढ्यांचा माल आम्ही प्रदर्शनाला नेतो, स्टॉल उभारून देतो आणि संपल्यावर उतरवून परत आणतो. राहण्याची सोय हा आमचा धंदा नाही आणि कुठल्या घरमालकाकडून आम्ही दलालीही घेत नाही. तरी हे पत्रक काढलं, कारण तिसऱ्या दिवशी दुपारी स्टॉलवरच्या माणसांची अवस्था आम्ही जवळून बघतो. माल चोख, मांडणी चोख आणि माणसाचं मात्र रोज टॅक्सीत बसून अंग आंबलेलं. खरेदीदार समोर उभा असतो तेव्हा ते लपत नाही.

स्टॉलच्या जागेसाठी वर्षभर आधी पैसे भरणारे आमचे ग्राहक राहण्याची जागा मात्र निघायच्या आठवड्यात शोधतात, आणि तीही फक्त एका रात्रीचं भाडं बघून. खोली स्टॉलच्या कामाला सोयीची आहे का, हे आधी बघा. भाड्याचा हिशेब त्यानंतर.

रात्री किती लागतील?

पत्रिकेवर छापलेल्या तारखा पाहुण्यांसाठी असतात. तुमच्या तारखा वेगळ्या. पाच दिवसांचं प्रदर्शन असेल तर उभारणीचे साधारण दोन दिवस आधी धरा. मशीन न्यायचं असेल तर क्रेन आणि वीजजोडणीसाठी तुमचा माणूस तिथे लागतोच. मोठ्या शहरांत दिवसा जड वाहनांना शिरता येत नाही, त्यामुळे आमचा टेम्पो बहुतेक वेळा रात्री पोहोचतो आणि गेट पास घेऊन कुणीतरी यावं लागतं. रात्री दोन वाजता ड्रायव्हरचा फोन आल्यावर पंचवीस किलोमीटरवरून येणं आणि दोन किलोमीटरवरून येणं यात काय फरक आहे, हे ज्यानं एकदा केलंय त्याला सांगावं लागत नाही.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी हॉल बंद झाल्याशिवाय माल बाहेर काढू देत नाहीत. मग बांधाबांध, पॅलेट, गेटवरची रांग. त्याच रात्रीची गाडी पकडायचा हट्ट धरू नका. ती एक रात्र जास्तीची घ्या. म्हणजे पाच दिवसांच्या प्रदर्शनाला सात-आठ रात्री झाल्या. इतक्या रात्रींना हॉटेलच्या दोन खोल्यांपेक्षा एक अख्खा फ्लॅट बऱ्याचदा परवडतो. दोघंच जाणार असाल आणि प्रदर्शन तीन दिवसांचं असेल, तर मात्र फ्लॅटच्या भानगडीत पडू नका, साधं हॉटेल बरं.

जागा कुठे? शहराचं नाव पुरत नाही

मोशीच्या किसान प्रदर्शनाचंच घ्या. डिसेंबरात पाच दिवस भरतं आणि आपल्याकडचे खूप लोक जातात. पुण्यात प्रत्येकाचा कुणी ना कुणी नातेवाईक असतो, पण आपल्या बाजूचे लोक राहायला असतात कात्रज, धायरी, सिंहगड रस्ता या भागांत, आणि मोशी आहे थेट शहराच्या दुसऱ्या टोकाला, नाशिक रस्त्यावर. काकूंच्या हातचं जेवण मिळतं हे खरं, पण नवले पुलापासून मोशीपर्यंत रोज जा-ये करून सकाळी दहाला ताजंतवानं उभं राहता येत नाही. भोसरी, मोशी, निगडी-प्राधिकरण यांतलंच बघा. आळंदीही जवळ आहे, पण अधिक महिना येऊन गेलेल्या वर्षी कार्तिक वद्य एकादशी डिसेंबरात सरकते. तेव्हा माउलींच्या समाधी सोहळ्याची गर्दी आणि तुमची उभारणी जवळजवळ येतात. पंचांग बघून ठरवा.

बेंगळूरची गोष्ट कारखानदारांनी नीट वाचावी. जानेवारीतलं इमटेक्स हे यंत्रसामग्रीचं प्रदर्शन बीआयईसी या प्रदर्शन केंद्रात भरतं आणि ते आहे तुमकूर रस्त्यावर, मादावरला. आपल्या पेठ नाक्यावरून जाणारा महामार्ग कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, तुमकूर करत बेंगळूरला शिरतो, त्याच रस्त्यावर, शहर लागायच्या आधी. म्हणजे सांगलीहून जाणाऱ्याला ते अलीकडे पडतं. असं असून दर वेळी कुणीतरी व्हाइटफील्डला किंवा इलेक्ट्रॉनिक सिटीत चकाचक फ्लॅट घेतं आणि रोज सगळं बेंगळूर ओलांडून येतं. नोव्हेंबर २०२४ पासून मेट्रोची हिरवी मार्गिका मादावरपर्यंत आली आहे. यशवंतपूर, गोरगुंटेपाळ्य, पीण्या, जालहळ्ळी, दासरहळ्ळी, नागसंद्र या स्थानकांपासून चालत जाता येईल असं घर बघा. मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं गेलात तर पहाटे यशवंतपूरलाच उतरता येतं, शहरात जायची गरजच नाही.

मुंबईत गोरेगाव पूर्वेच्या नेस्को मैदानासाठी राम मंदिर स्थानक सोयीचं. अंधेरी ते गोरेगाव या पट्ट्यात राहा, पुढचं आपोआप जमतं.

दिल्लीला जाताना पत्रावरचं सभागृहाचं नाव दोनदा वाचा. ‘दिल्लीचं प्रदर्शन’ म्हणून लोक करोल बागेत खोली घेतात आणि प्रदर्शन निघतं ग्रेटर नोएडाच्या एक्स्पो मार्टमध्ये, म्हणजे दुसऱ्या राज्यात. प्रगती मैदानावरच्या भारत मंडपमला जायचं असेल तर करोल बाग किंवा पहाडगंज ठीक आहे. निळ्या मार्गिकेनं थेट जाता येतं. पूर्वीच्या प्रगती मैदान स्थानकाचं नाव आता सुप्रीम कोर्ट आहे. १४ नोव्हेंबरपासूनच्या व्यापार मेळ्याला जाणाऱ्यांनी गरम पाण्याची आणि जाड पांघरुणांची चौकशी आधीच करावी. लग्नसराईही त्याच सुमारास असते, खोल्या पटापट जातात.

जाहिरातीत ‘प्रदर्शनस्थळापासून दहा मिनिटं’ लिहिलेलं असतं. ती दहा मिनिटं पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावरची. तुम्ही नकाशावर मंगळवारची सकाळी नऊची वेळ टाकून बघा, आणि अंतर मोजा ते तुमच्या हॉलच्या गेटपर्यंत. मोठ्या मैदानात चुकीच्या गेटला उतरलात तर आतच वीस मिनिटं चालावं लागतं.

घरमालकाला काय विचारायचं

न्हाणीघरं किती, हे शयनघरं किती याच्या आधी विचारा. चार माणसं, एक न्हाणीघर, प्रत्येकी वीस मिनिटं म्हणजे ऐंशी मिनिटं झाली. साडेआठला निघायचं तर पहिल्यानं सातला आत जायला हवं, आणि गिझर छोटा असेल तर तिसऱ्याला गार पाणी. दोन न्हाणीघरांचा फ्लॅट थोडा महाग असला तरी घ्या.

लिफ्ट आहे का आणि ती चालू असते का, हे वेगळे दोन प्रश्न आहेत. आमच्या एका ग्राहकांनी बिडाच्या ओतीव भागांची नमुना पेटी स्टॉलवर ठेवायला नको म्हणून रोज सोबत नेली. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट दुरुस्तीला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाची कंबर धरली आणि तो उरलेले दिवस खुर्चीत बसून होता. तेव्हापासून आम्ही स्टॉलमध्येच कुलपाचं कपाट बनवून देतो. सांगितलंत तर तुम्हालाही देऊ.

सोसायटीची परवानगी आहे का, हे स्पष्ट विचारा. बऱ्याच सोसायट्या चार-आठ दिवसांच्या पाहुण्यांना मनाई करतात. घरमालक ‘वॉचमनला नातेवाईक म्हणून सांगा’ असं म्हणाला, तर ते घर सोडा. रात्री अकराला पेट्या घेऊन गेटवर उभं राहून खोटं बोलायची वेळ तुमच्यावर का यावी?

घरात शिरायची वेळ बहुतेक ठिकाणी दुपारी दोन आणि सोडायची सकाळी अकरा असते. पहाटेच्या गाडीनं पोहोचणार असाल तर लवकर आत घेतील का, नाहीतर निदान सामान ठेवू देतील का, हे मेसेजवर लिहून घ्या. तोंडी बोलण्याचा उपयोग होत नाही.

स्वयंपाकघर असेल तर गॅस आहे की इंडक्शन तेही बघा. सहा दिवस बाहेरचं खाऊन पोट बिघडलं की स्टॉलवर उभं राहवत नाही, म्हणून निदान रात्री घरचा भात-आमटी हवी. ॲल्युमिनियमचं भांडं इंडक्शनवर तापत नाही, सपाट बुडाचा लोखंडी तवा चालतो. भाकरी तव्यावर भाजता येते, विस्तवावर फुगवता येत नाही एवढंच. भडंगाचा डबा तर सोबत असतोच.

बचत गटाच्या ताई जाणार असतील तर वर्दळीच्या रस्त्यावरचं, आतून कडी नीट लागणारं घर घ्या. मेट्रो स्थानकापासून घरापर्यंत दिवे आहेत का, हे घरमालकाला व्हिडिओ कॉलवर दाखवायला सांगा. यात संकोच करू नका.

पैसे, पावती आणि कर

ॲपवर दिसणाऱ्या भाड्यात साफसफाईचा आकार, सेवाशुल्क आणि कर बहुधा शेवटच्या पानावर मिळवले जातात. तुलना करायची ती त्या शेवटच्या आकड्याची. समजा लांबची खोली रोज ८०० रुपयांनी स्वस्त आहे. सहा रात्रींत ४,८०० वाचले. पण टॅक्सी जाताना ६०० आणि येताना ६०० असेल, तर पाच दिवसांत ६,००० गेले आणि दगदग वेगळी.

‘ॲपबाहेर पैसे पाठवा, स्वस्तात देतो’ म्हणणाऱ्याला पैसे पाठवू नका. फोटो कुणाचेही उचलता येतात. रद्द करायची शेवटची तारीख वहीत लिहा. एका वर्षी प्रदर्शन आठ दिवसांवर आलं असताना आमच्या स्वतःच्या माणसांचं घर मालकानं रद्द केलं. पैसे परत मिळाले, पण तोवर जवळपास एकही खोली उरली नव्हती आणि आमचे सुतार तीन रात्री टेम्पोत झोपले. ते आम्हाला फार लागलं. आता आम्ही फ्लॅट घेतला तरी जवळच्या एखाद्या हॉटेलात फुकट रद्द होणारी खोली धरून ठेवतो आणि घराचा ताबा नक्की झाल्यावर, मुदत संपायच्या आत ती सोडतो. तुम्हीही तसंच करा.

बिलावर फर्मचं नाव आणि जीएसटी क्रमांक घालून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या हॉटेल-खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याहून महाग खोलीवर १८ टक्के. राहण्याच्या जागेचा कर ती जागा ज्या राज्यात आहे तिथला धरतात. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या बिलावरचा कर तुमच्या महाराष्ट्रातल्या नोंदणीवर भरायच्या जीएसटीतून वजा होऊ शकतो, बेंगळूरच्या बिलावरचा कर्नाटकचा कर वजा होत नाही. दर ठरवताना तो खर्चातच धरा. आणि एका दिवसात एकाच माणसाला १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर प्राप्तिकरात तो खर्च धरत नाहीत. भाडं बँकेतूनच द्या.

परदेशी जाणाऱ्यांसाठी थोडंसं

बेदाणा आणि हळद घेऊन दुबईच्या गल्फूड या खाद्यपदार्थांच्या प्रदर्शनाला जाणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, की २०२६ मध्ये ते दोन ठिकाणी भरलं: नेहमीचं वर्ल्ड ट्रेड सेंटर आणि शहराच्या दुसऱ्या टोकाची एक्स्पो सिटी. दोन्ही ठिकाणं मेट्रोच्या लाल मार्गिकेवर आहेत, म्हणून घर त्याच मार्गिकेलगत घ्या आणि आपला हॉल कुठला ते आधी विचारा. तिथे थोड्या दिवसांसाठी घर भाड्यानं द्यायला सरकारी परवाना लागतो. जाहिरातीत परवाना क्रमांक नसेल तर पुढे जाऊ नका.

जर्मनीत हॅनोव्हरला एप्रिलमधल्या औद्योगिक प्रदर्शनाच्या वेळी हॉटेलं भयंकर महाग होतात. तिथली कुटुंबं घरातली एखादी खोली प्रदर्शनाच्या पाहुण्यांना देतात, तशी पद्धतच आहे. खोल्या स्वच्छ असतात. व्हिसासाठी सगळ्या रात्रींच्या मुक्कामाचा पुरावा लागतो, म्हणून व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येणारंच बुकिंग ठेवा.

आम्हाला काय कळवायचं

मालाची ऑर्डर देताना मुक्कामाचा पत्ता, तिथून गेटपर्यंत लागणारा वेळ आणि रात्री फोन उचलणाऱ्या माणसाचा नंबर फॉर्मवर लिहा. घर ठरवण्याआधी पत्ता पाठवलात तर आमची माणसं त्या भागात राहिली आहेत का ते बघून जे माहीत आहे ते सांगू, त्याचे पैसे नाहीत. जानेवारीच्या बेंगळूरसाठी दसऱ्याच्या आत कळवलंत तर बरं पडेल. दिवाळीनंतर तुमकूर रस्त्याच्या बाजूचं चांगलं घर हाती लागणं कठीण होतं.