सिंक्लेअरची अमेरिका-सफर: एका दंतकथेचा खुलासा

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांचा सरदार हेन्री सिंक्लेअर १३९८ मध्ये, म्हणजे कोलंबसाच्या जवळपास शंभर वर्षे आधी, टेम्पलर (धर्मयुद्धांच्या काळातला ख्रिस्ती लढवय्या पंथ) योद्ध्यांना घेऊन अटलांटिकपार गेला, ही कथा आजही ठामपणे सांगितली जाते. तिचा मुख्य आधार म्हणजे निकोलो झेनो याने १५५८ साली व्हेनिसमध्ये छापलेली पूर्वजांची पत्रे. मात्र मूळ कागद आपण लहानपणी फाडले आणि उरलेल्या तुकड्यांवरून मजकूर जुळवला, असे तो स्वतःच सांगतो. त्या मजकुरात सिंक्लेअरचे नावच नाही. आहे तो ‘झिक्म्नी’ नावाचा राजा आणि फ्रिसलँड नावाचे बेट, जे कोणत्याही समुद्रात नाही. झिक्म्नी म्हणजेच सिंक्लेअर, ही जोड जर्मन अभ्यासक योहान फोर्स्टर याने थेट १७८४ मध्ये दिली. शिवाय ज्याच्या प्रवासाची ही पत्रे आहेत तो पूर्वज, थोरला झेनो, १३९४ मध्ये व्हेनिसमध्येच अफरातफरीच्या खटल्याला तोंड देत होता.

टेम्पलर पंथ तर १३१२ मध्येच पोपने बरखास्त केला होता, आणि १३०९ च्या चौकशीत सिंक्लेअर घराण्यातील दोघांनी त्याच्याविरुद्धच साक्ष दिली होती. राहता राहिली सिंक्लेअर घराण्याने १४४६ मध्ये बांधायला घेतलेल्या स्कॉटलंडमधील रॉसलिन चॅपल या चर्चच्या खिडकीवरची ‘मक्याची कणसे’, जी मका अमेरिकेतले पीक असल्याने पुरावा म्हणून दाखवली जातात: मनात मका धरून पाहिले तरच ती मक्यासारखी दिसतात, एरवी ती शैलीदार पानाफुलांची नक्षी आहे.